घशातला चोरखिसा

पेशंटचं डोकं धरण्याआधी थोपटेमामा दोन्ही तळवे मांडीवर घासून गरम करायचे. उन्हाळ्यातसुद्धा. मी एकदा म्हटलं, "मामा, एप्रिल आहे." तर म्हणाले, "एप्रिल भाईर हाय सिस्टर. हितं येशी हाय."

आमच्या हॉस्पिटलच्या कान-नाक-घसा विभागात ते वॉर्डबॉय होते. वॉर्डबॉयला मामा आणि आयाला मावशी म्हणायची पद्धत आहे, त्यामुळे ते सगळ्यांचेच मामा. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठे. मी तिथे सिस्टर म्हणून रुजू झाले तेव्हा ते दुर्बिणीच्या खोलीत मुरलेले होते, आणि पुढची चौदा वर्षं आम्ही त्या दहा बाय बाराच्या खोलीत एकमेकांच्या कोपरांना धडकत काढली.

दुर्बीण म्हणजे एक काळी, लवचीक, बोरूपेक्षा बारीक नळी. टोकाला दिवा आणि कॅमेरा. नाकातून आत घालून घशात उतरवायची, म्हणजे समोरच्या पडद्यावर घसा दिसतो. नळी डॉ. दातार धरायचे, औषधं आणि कागद मी सांभाळायचे आणि पेशंटचं डोकं मामा. ऐकायला हे काम फालतू वाटेल. पण नाकात नळी गेली की भलाभला माणूस मागे पळतो, आणि डोकं हललं की पडद्यावर नुसता लाल चिखल.

मामा वारज्याचे. तिथे शेती होती तेव्हापासूनचे. जमिनीवर सोसायट्या उभ्या राहिल्या, भावांनी बंगले बांधले, मामांनी नोकरी आणि दोन म्हशी ठेवल्या. डोकं धरायची विद्या त्यांच्याकडे म्हशींकडून आली होती. जनावराला बांबूच्या नळकांड्यातून औषध पाजताना मान कशी धरायची, ते वडिलांनी शिकवलेलं. "जबरी केली की उडतंय," ते सांगायचे, "कानामागं बोटं ठिवली की ऐकतंय. मानूस आन् म्हस, दोगांचं कान हितंच की." हे ते पेशंटसमोरच सांगायचे. कुणी रागावल्याचं मला आठवत नाही. बहुधा तोवर बोटं कानामागे गेलेली असायची.

गणवेशाच्या आत ते घरी शिवलेली बंडी घालत आणि त्या बंडीला आतून चोरखिसा होता. त्यात तंबाखूची पुडी असायची. तीस वर्षं असायची. रोज तंबाखूने कुरतडलेले घसे पडद्यावर बघणारा हा माणूस दुपारी जिन्याखाली जाऊन चिमूट लावून यायचा. शेवटी डॉ. दातारांनी एक दिवस त्यांना पेशंटच्या खुर्चीकडे बोट दाखवून विचारलं, "मामा, तुमची जागा आत्ताच राखून ठेवू का?" दुसऱ्या दिवसापासून पुडी बंद. खिसा मात्र राहिला. त्यात पुढे लवंगा असायच्या.

डॉ. दातारांचं बोलणं असंच. पेशंटने "डॉक्टर, मी गूगलवर वाचलं," म्हटलं की ते नळी खाली ठेवून म्हणत, "अरे वा. मग मी ऐकतो, आपण सांगा."

आता मुद्द्याचं. घशाच्या अगदी तळाशी, स्वरयंत्राच्या मागे आणि दोन्ही अंगांना, जिथून अन्ननलिका सुरू होते, तिथे दोन खाचा असतात. माणूस सरळ बसला की त्या मिटलेल्या असतात. वरून नळी घातली तरी मिटलेल्या कडा आणि त्यावर साठलेली लाळ एवढंच दिसतं. आत काही असेल तर ते आरामात लपून बसतं आणि लक्षात येईपर्यंत उशीर होतो. डॉक्टर या खाचांना जे नाव देत ते लॅटिन होतं. मामांनी ते एकदाच ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजी चोरखिसा." तेव्हापासून आमच्या खोलीत तोच शब्द.

हा चोरखिसा उघडायची एक युक्ती डॉ. दातार कुठल्याशा परिषदेतून शिकून आले. पेशंटने कमरेतून पुढे वाकायचं, हनुवटी छातीकडे घ्यायची, मान एका बाजूला वळवायची आणि ओठ मिटून गाल फुगवायचे. उजवीकडे मान वळवली की डावा खिसा उघडतो, डावीकडे वळवली की उजवा. आतून हवेचा दाब आला की मिटलेल्या कडा दूर होतात. पेशंटने तसंच राहायचं, तेवढ्यात डॉक्टर बघून घेतात.

कागदावर सोपं होतं. डॉक्टर पेशंटला म्हणायचे, "आपण कमरेतून पुढे झुका, मान वळवा आणि बंद ओठांवर हवेचा दाब द्या." पहिल्या पेशंटने नमस्कार केला. दुसऱ्याने दाब दिला, पण ओठ बंद ठेवायचं विसरला, आणि डॉक्टरांना चष्मा धुवायला जावं लागलं. तिसऱ्या बाईंनी मान वळवली ती थेट दाराकडे आणि विचारलं, "झालं का?" आठवडाभर हेच. डॉक्टर चिडले. "पद्धत उत्तम आहे," ते मला म्हणाले, "फक्त पेशंट परदेशातून मागवावे लागतील."

पुढचा पेशंट तिशीतला होता, नुकतंच लग्न झालेला. मामांनी तळवे घासले, त्याच्या कानामागे बोटं ठेवली आणि म्हणाले, "लग्नात मेव्हनीनं बूट लपवलं हुतं का न्हाई?"

नाकात नळी असताना तो पोरगा हसला. "हो."

"मग वाका. खुर्चीखाली हायेत का बगा. आसं न्हाई, उजवीकडं मान करून. हां. दिसत न्हाईत? पैसं मागत्यात पोरी? मग आता रुसा."

आणि त्याने गाल फुगवले. रुसलेला मराठी माणूस गाल फुगवणार नाही तर काय करणार! पडद्यावर डावा चोरखिसा चोचीसारखा उघडला. तळापर्यंत, गुलाबी, स्वच्छ. डॉक्टर नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "मामा, तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं कुटं?"

त्या दिवसापासून 'चप्पल शोधा आणि रुसा' हीच आमची पद्धत झाली. बुटाची चप्पल झाली, कारण बूट सगळेच घालत नाहीत. मामा प्रत्येक पेशंटबरोबर स्वतःही गाल फुगवायचे. लहान मुलाला घास भरवताना आई 'आ' करते ना, तसं. दिवसाला पंधरा पेशंट म्हणजे पंधरा वेळा तो गोल, सुरकुतलेला, मिशीवाला चेहरा फुगायचा. त्यांना स्वतःला ते माहीतच नसावं.

एकदा निवृत्त मुख्याध्यापक आले होते. ताठ कणा, हातात छत्री, सोबत बायको. मामांनी चप्पल शोधायला सांगितल्यावर ते म्हणाले, "आपण सांगता ते शक्य नाही. माझी चप्पल बाहेर आहे. आपल्याच पाटीनुसार."

आमच्या दारावर पाटी होती खरी. 'चपला बाहेर काढाव्यात. हरवल्यास तक्रार करू नये.'

"गुर्जी," मामा म्हणाले, "पाटीची दुसरी वळ पन वाचा की. तक्रार करू नये म्हनलंय, रुसू नये कुटं म्हनलंय? रुसा बिंधास."

गुरुजी रुसले. असे रुसले की दोन्ही खिसे एकदम उघडले. डॉ. दातार म्हणाले, "इतकं चांगलं दृश्य मला वर्षभरात मिळालं नाही. सराव दांडगा दिसतो."

"घरी रोज असतो," दारातून त्यांची बायको म्हणाली.

सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. कात्रजहून सुरेखाबाई म्हणून पेशंट यायच्या, पोळीभाजीचे डबे करायच्या. घशात काहीतरी अडकतंय, एवढीच तक्रार. चार महिने त्यांना ठिकठिकाणी सांगितलं गेलं की ॲसिडिटी आहे, मनाचं आहे, कमी विचार करा. आमच्याकडेही सरळ बसवून बघितलं तेव्हा काही दिसलं नाही. डॉक्टर त्या दिवशी घाईत होते, हात धुवायला उठले. मामा खुर्ची सोडेनात. "सायेब, ताईंना एकडाव चप्पल शोधू द्या की."

शोधली. स्वरयंत्राच्या मागे, मिटलेल्या जागेत, वाटाण्याएवढी गाठ होती.

ऑपरेशन झालं, किरणं झाली. सुरेखाबाईंचा आवाज आता खरखरतो, पण त्या पोळी खातात आणि दुसऱ्यांच्याही करतात. त्यानंतर डॉ. दातारांनी एकाही पेशंटला वाकवल्याशिवाय सोडलं नाही. केसपेपरवर ते 'च. शो.' असं लिहायला लागले. 'च. शो. केले. दोन्ही बाजू मोकळ्या.' नव्याने आलेल्या एका डॉक्टरीणबाई महिनाभर च. शो. ही रक्ताची तपासणी समजत होत्या.

मामांची आणखी एक सवय सांगायला हवी, कारण पुढे तीच नडली. त्यांना गोळ्या कापायचा नाद होता. म्हणजे गोळ्यांची स्ट्रिप. मामा आणि मामी दोघांनाही बीपीची गोळी. मामा रविवारी कात्री घेऊन बसायचे आणि स्ट्रिप कापून एकेक गोळीचा चौकोन वेगळा करायचे. आठवड्याचे चौदा चौकोन, त्यासाठी दोन डब्या. रोज सकाळी डबीतला एक उचलायचा, सोलायचा, गिळायचा. घोटाळा नाही, विसर नाही. या व्यवस्थेचा त्यांना भारी अभिमान होता. म्हाताऱ्या पेशंटना ते बाकावर बसवून स्वतः कापून द्यायचे, ड्रेसिंगच्या कात्रीने. मी कात्रीसाठी ओरडायचे. "बोथट होते मामा." "धार लावून देतो की," म्हणायचे. द्यायचेही.

निवृत्तीला सहा महिने उरले होते तेव्हाची गोष्ट. एका मंगळवारी माझ्या लक्षात आलं की मामा पेशंटबरोबर गाल फुगवत नाहीत. बोलणं तेच, मेव्हणी तीच, पण तोंड मिटलेलं आणि सपाट. बुधवारीही तसंच. मी चहाकडे लक्ष ठेवलं. बशीत ओतून एका दमात पिणारा माणूस घोटाघोटाला थांबत होता. गुरुवारी ते डावा कान चोळताना दिसले.

"मामा, कान दुखतोय?"

"वारं लागलंय."

मी कानात बत्ती टाकून बघितली. कान लख्ख होता. आता आमच्या विभागात पाय ठेवलेल्या कुणालाही एक गोष्ट ठाऊक असते, कारण डॉ. दातार ती दर आठवड्याला कुणाला तरी सुनावतात: कानात काही नसताना कान दुखला तर घसा बघा. घशाच्या तळाचं दुखणं कानात बोलतं. मामांनी हे वाक्य माझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकलेलं होतं.

"कधीपासून?"

त्यांनी कानावरचा हात काढला. मग म्हणाले, "तीन हप्तं झालं."

"आणि कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगून काय, सिस्टर? तीस वरीस खाल्लीया. म्या काय बगितलं न्हाई व्हय?"

मी त्यांना वाद घालायला वेळ दिला नाही. शुक्रवारची पहिली वेळ त्यांच्या नावाने लिहिली आणि मामींना फोन केला. त्याच कागदावर 'व्यवसाय' या रकान्यापाशी माझं पेन थोडं थांबलं, हे कबूल करते.

शुक्रवारी मामा पेशंटच्या खुर्चीत बसले. इतकी वर्षं ते खुर्चीच्या मागे असायचे; पुढून ते एवढे बारीक असतील असं मला वाटलं नव्हतं. मामी बाहेर बाकावर. नाकात बधिर करायचं औषध घातलं, नळी आत गेली. मामांना ढास लागली. इतरांना "श्वास घ्या नाकानं, काय हुत न्हाई," सांगणारा माणूस खुर्चीचे दांडे पकडून बसला होता. पडद्यावर उजवी बाजू ठीक होती. डाव्या बाजूला लाळेचं तळं.

लाळ एकाच बाजूला साठते ती खाली काहीतरी अडलेलं असतं म्हणून, हे त्या खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. मामांचे डोळे पडद्यावर होते. मला वाटलं, पडदा वळवून ठेवायला हवा होता.

"च. शो.," डॉक्टर हळूच म्हणाले.

मी सवयीने मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं. मग मी तळवे ॲप्रनवर घासले आणि मामांच्या कानामागे बोटं ठेवली.

"मामा, वाका. चप्पल शोधा. मान उजवीकडे."

ते वाकले. नाकात नळी, आवाज घोगरा. "चप्पल तिच्याकडं हाय. पिशवीत. हितं चोरीला जात्यात."

"ते मला माहीत आहे. तरी शोधा. आणि रुसा."

गाल हलले नाहीत. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, हवा नाकातूनच निघून गेली. "सिस्टर, रुसाया येत न्हाई."

डॉक्टरांचा हात नळीवर स्थिर होता, पण कपाळावर घाम होता. मी म्हटलं, "मामा, गेल्या वर्षी बैलपोळ्याला रजा मागितली होतीत ना? वरून नामंजूर झाली म्हणून सांगितलं मी. ती वर गेलीच नव्हती. मीच नाकारली. मला माणूस हवा होता."

मामांनी तिरक्या मानेने माझ्याकडे एक नजर टाकली. आणि गाल फुगवले. असे फुगवले की मिशी आडवी झाली.

पडद्यावर लाळेचं तळं फाटलं, कडा दूर झाल्या आणि खिसा तळापर्यंत उघडला. तळाशी काहीतरी चकाकलं.

माणसाच्या शरीरात आपलं आपण काही चकाकत नाही. मी चौदा वर्षांत पाहिलं नव्हतं. डॉक्टर पुढे झुकले, नळी केसभर खाली सरकवली. एक चौकोन. पारदर्शक प्लास्टिकचा फुगवटा, मागे चंदेरी कागद, चारही टोकं घशात रुतलेली आणि भोवती सुजून लाल झालेलं.

डॉ. दातारांनी श्वास सोडला. मग त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मामा, आपण बीपीची गोळी वेष्टनासकट घेतली आहे."

मामांचे गाल फुगलेलेच होते, बोलता येईना. त्यांनी तर्जनी जोरजोरात हलवून नाही म्हटलं. डॉक्टरांनी पडद्याकडे बोट दाखवलं. तर्जनी थांबली. नळी बाहेर काढल्यावरचं पहिलं वाक्य: "म्या काय येडा हाय का, कागदासकट गोळी खायाला?" आणि जरा थांबून, "त्या दिशी लाईट गेलती. बस गाठायची हुती."

मी बाहेर जाऊन मामींना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पिशवीतली मामांची चप्पल काढून बाकाखाली आपटली आणि म्हणाल्या, "तीन हप्तं ह्यो मानूस रातचा छताकडं बगत पडतोय! कशापायी? कागदापायी?" आणि मग पदराने डोळे पुसले. मला कामं होती. मी त्यांना पाणी दिलं आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी भूल देऊन तो चौकोन काढला. तीस वर्षांची तंबाखू ध्यानात घेऊन डॉक्टरांनी सुजलेल्या जागेचा तुकडाही तपासायला पाठवला, त्यामुळे आणखी आठ दिवस आम्ही सगळे एकमेकांशी फार सभ्यपणे वागलो. रिपोर्ट आला: नुसती सूज. मी तो दोनदा वाचला आणि फाईलला लावला. पुढच्या तपासणीत जखम भरलेली होती. केसपेपरवर डॉ. दातारांच्या अक्षरात आहे: 'च. शो. केले. डावा चोरखिसा रिकामा.'

चौकोन मामांनी मागून घेतला. सॅम्पलच्या छोट्या बाटलीत घालून तो लवंगांशेजारी बंडीच्या खिशात गेला, आणि उरलेल्या महिन्यांत प्रत्येक म्हाताऱ्या पेशंटला दाखवून झाला. "ह्यो बगा. म्हनलं वाघ हाय, निगाला कागुद. स्ट्रिप कापू नगा. कापायची कुनी शिकवली तुमाला?"

"तुम्हीच की हो मामा."

"मंग आता म्याच नगं म्हनतोय."

ड्रेसिंगची कात्री त्यांनी शेवटच्या दिवशी धार लावून माझ्या टेबलावर ठेवली. बैलपोळ्याच्या रजेबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. मीही नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीच्या फ्लॅटची वास्तुशांत होती. वारज्यातच, सातवा मजला. मामींनी सांगितलं की बरोबर खाली, आता पार्किंग आहे तिथे, पूर्वी म्हशींचा गोठा होता. जेवण झालं. मामा पंगतीत बसले होते. भात, वरण, जिलबी, मठ्ठा, एकेक घास न थांबता जाताना मी बघितला. धंद्याची सवय, दुसरं काय. मी निघाले तर ते "सिस्टरांची चप्पल द्या रे," म्हणत बाहेर आले. दारासमोर चपलांचा ढीग होता. कुणाला हाक न मारता ते स्वतःच वाकले. कमरेतून पुढे, हनुवटी छातीशी, मान उजवीकडे, आणि चप्पल सापडेना तसे गाल फुगले. पूर्ण, गोल, मिशी आडवी.

मी लिफ्टपाशी उभी होते. लिफ्ट आली आणि गेली.

मी त्यांना थोडा वेळ शोधू दिलं. चप्पल माझ्या पायातच होती.